उसनी चौकट

मधमाश्या पाळायच्या म्हणून मी आमच्या भागातल्या मधपाळ संघाचा सभासद झालो, तेव्हा पहिले पाच महिने मला एकही माशी मिळाली नाही. मिळाले ते लाकडी पट्ट्यांचे दोन गठ्ठे, डबीभर बारीक चुका आणि ‘यांच्या दहा चौकटी करून पुढच्या बैठकीला आणा’ एवढी सूचना. पेटीत माश्या पोळे बांधतात ते या चौकटींत. सभासदत्वाच्या अर्जात ‘उद्देश’ या रकान्यात मी ‘मध’ असा एकच शब्द लिहिला होता. चिटणिसांनी तो वाचला आणि काही न बोलता अर्ज फाईलला लावला.

दहांपैकी सात चौकटी परत आल्या. काही गुण्यात नव्हत्या, आणि ज्या गुण्यात होत्या त्यांच्या बाजूच्या पट्ट्या मी हौसेने जास्त तासल्या होत्या, त्यामुळे पेटीच्या भिंतीपासून त्यांचे अंतर वाढले होते. दोन-चार मिलिमीटरने काय बिघडते, असे मी विचारले आणि माझा पहिला धडा तिथेच सुरू झाला. पेटीतली साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट मधमाश्या ये-जा करायला मोकळी ठेवतात. फट याहून अरुंद असली तर झाडांच्या डिंकापासून केलेल्या प्रोपोलिसने ती लिंपून टाकतात, आणि रुंद असली तर तिथे मेणाचे पोळे बांधून काढतात. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने 1851 साली हे हेरले आणि चौकटीभोवती चारी बाजूंनी एवढीच जागा राहील अशी पेटी तयार केली. त्याआधीच्या बहुतेक पेट्यांत पोळी भिंतींना आणि छताला चिकटलेली असत आणि मध घ्यायचा तर ती कापावी लागत. चौकट उचलून बघायची आणि जशीच्या तशी परत ठेवायची, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या फटीमुळे शक्य झाली आहे. माझ्या सात चौकटी पेटीत गेल्या असत्या तर पहिल्या महिन्यातच त्या एकमेकींना आणि भिंतीला जोडल्या गेल्या असत्या. मी त्या सुट्या करून पुन्हा ठोकल्या.

नव्या सभासदाने संघाच्या मधुवनात, म्हणजे पेट्या ठेवलेल्या जागेत, किमान दहा तपासण्यांना हजर राहावे आणि त्यानंतरच त्याला माश्यांची वसाहत द्यावी, असा संघाचा नियम होता. मला तो तेव्हा जाचक वाटला. पैसे भरून वसाहत कोणीही विकत घेऊ शकतो, मग येथे ही उमेदवारी कशासाठी, अशी कुरबुर माझ्याबरोबरच्या दोघांनी उघडपणे केली. त्यातला एक तिसऱ्या तपासणीनंतर आलाच नाही. मला ज्यांच्या हाताखाली दिले होते त्यांना संघातले लहानथोर सगळेच ‘ताई’ म्हणत. त्या फार बोलत नसत, आणि मी उतावीळपणे काही विचारले तर उत्तराऐवजी पेटीकडे बोट दाखवत.

पहिल्या तपासणीत मला फक्त स्मोकर, म्हणजे धूर सोडायचा भात्याचा डबा, धरायला दिला होता. स्मोकर पेटवणे सोपे आहे. तो अर्धा तास धुमसत ठेवणे अवघड आहे. आत वाळके तागाचे कापड, त्यावर सुकी पाने, सगळ्यात वर थोडे ओलसर गवत अशी भर ताईंनी घालून दाखवली, भाता दाबून धुराचा झोत स्वतःच्या मनगटावर घेतला आणि मला घ्यायला लावला. धूर मनगटाला गार लागला पाहिजे. चटका बसत असेल तर तो माश्यांनाही बसतो. धुरामुळे दोन गोष्टी होतात. माश्या पोळ्यातल्या मधाच्या घरांकडे वळून पोटात मध भरून घेऊ लागतात, आणि धोक्याच्या वेळी त्या जो इशाऱ्याचा गंध सोडतात तो धुरात झाकला जातो. हा गंध पिकलेल्या केळ्यासारखा असतो. मधुवनाच्या फाटकावर ‘केळे खाऊन येऊ नये’ अशी पाटी का आहे, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

दुसऱ्याच तपासणीत हातमोज्याच्या कडेवरून एक माशी आत शिरली आणि मनगटावर डंख बसला. मी चिमटीत धरून काटा उपटायला गेलो, तोवर ताईंनी हातातल्या लोखंडी पट्टीच्या कडेने तो खरवडून काढलासुद्धा. माशीचा काटा उलट्या दातांचा असल्यामुळे कातडीत अडकून राहतो, त्याच्यासोबत विषाची पिशवीही तुटून येते, आणि माशी निघून गेली तरी ती पिशवी विष ढकलत राहते. म्हणून काटा कसा काढता यापेक्षा किती लवकर काढता याला महत्त्व आहे. मग त्या जागेवर धुराचे दोन झोत मारले, कारण डंखाबरोबर तो केळ्याचा वासही तिथे लागलेला असतो आणि दुसरी माशी त्याच जागी येते. दम लागतो का, अंगावर गांधी उठतात का, घसा आवळल्यासारखा वाटतो का, हे ताईंनी पुढची पंधरा मिनिटे मला चार वेळा विचारले. सूज सोडून काही झाले नाही.

खरी अडचण अंड्यांची होती. तपासणीत सर्वांत आधी राणी शोधायची असते, असा माझा समज होता. ताई राणी शोधतच नसत. त्या शिशुकोठीतली, म्हणजे पेटीच्या खालच्या, अंडी-अळ्यांच्या मजल्यातली, मधली चौकट उचलत, सूर्य पाठीशी घेऊन उभ्या राहत, खांद्यावरून आलेले ऊन पोळ्यातल्या घराच्या तळापर्यंत पोहोचेल अशी चौकट कलती धरत आणि ‘अंडी आहेत’ असे म्हणून ती खाली ठेवत. मधमाशीचे अंडे जेमतेम दीड मिलिमीटर लांब असते. राणी ते घराच्या तळाशी उभे चिकटवते. हळूहळू ते कलते, आणि तीन दिवसांनी त्यातून अळी बाहेर पडते. म्हणजे अंडे दिसले तर गेल्या तीन दिवसांत राणी येथे होती, एवढी खात्री पटते, आणि हजारो माश्यांत तिला हुडकत पेटी तासभर उघडी ठेवावी लागत नाही. मला ती अंडी दिसत नव्हती. दिसायची ती रिकामी घरे, घरांच्या तळाशी चमकणारे काहीतरी, आणि चष्म्यावर साचलेला माझाच घाम. तिसऱ्या तपासणीत ताईंनी ‘दिसली का?’ असे विचारले तेव्हा मी ‘दिसली’ असे सांगून मोकळा झालो. हे खोटे होते, आणि ते पुढे मला महागात पडले.

संघाच्या एका बैठकीत फ्रान्स्वा ह्यूबरविषयी ऐकले, तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो. अठराव्या शतकातल्या जिनिव्हाचा हा माणूस तरुणपणीच अंध झाला. मधमाश्यांवरचे त्याचे बहुतेक प्रयोग त्याचा सेवक फ्रान्स्वा ब्यूर्नां याच्या डोळ्यांनी झाले. ह्यूबर प्रश्न काढायचा, ब्यूर्नां पुस्तकाच्या पानांसारख्या उघडणाऱ्या चौकटींच्या पेटीत तासन्‌तास बघायचा आणि दिसेल ते सांगायचा. राणीचे मीलन पेटीत होत नाही, ती बाहेर उडून जाते तेव्हा होते, ही गोष्ट या जोडीने ठरवली. त्यांची निरीक्षणे 1792 साली पुस्तकरूपाने छापली गेली. एका न दिसणाऱ्या माणसाने दुसऱ्यावर विश्वास ठेवून एवढे काम केले, कारण दुसरा न दिसलेले ‘दिसले’ असे म्हणत नव्हता. हा शेवटचा भाग सांगणाऱ्याने सांगितला नव्हता; तो माझा मीच ताडला.

अंडे मला सहाव्या तपासणीत दिसले. जवळच्या वाचनाचा वेगळा चष्मा मी करून घेतला होता आणि ताईंनी गडद रंगाच्या, जुन्या पोळ्याची चौकट हातात दिली होती, कारण काळपट तळावर पांढरे अंडे उठून दिसते. एकदा एक दिसल्यावर शेजारच्या घरातले दिसले, मग ओळीने दिसत गेले. प्रत्येक घरात एक, तळाच्या मधोमध, शिवणकामाच्या पांढऱ्या दोऱ्याचा कापलेला तुकडा उभा करावा तसे. मी बराच वेळ बघत राहिलो असेन, कारण ‘पिलावा गार पडतो आहे’ असे ताईंना सांगावे लागले. पिलाव्याभोवतीचे, म्हणजे घरांतल्या अंडी-अळ्यांभोवतीचे, तापमान माश्या 34 ते 35 अंशांच्या आसपास राखतात, आणि आपण चौकट बाहेर धरून कौतुक करतो तेवढा वेळ त्यांचे काम वाया जाते.

बैठका महिन्यातून एकदा होत. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाने आपापल्या वसाहतींचे वर्तमान सांगायचे, आणि त्याला एकच दंडक होता: आधी दिसले ते सांगा, मग वाटले ते. ‘माझ्या वसाहतीची राणी म्हातारी झाली आहे’ असे कोणी सुरू केले की अध्यक्ष हात वर करत. मग तो सभासद ‘सहा चौकटींवर पिलावा आहे, मध्ये मध्ये रिकामी घरे दिसतात, कामकरी माश्यांच्या घरांत नरांची फुगीर झाकणे आहेत’ असे सांगे, आणि त्यावर इतरांचे तर्क निघत. ते क्वचितच एकमेकांशी जुळत. हिवाळ्याआधी साखरेचा पाक किती घट्ट द्यावा, पेटीचे दार कोणत्या दिशेला असावे, राणीला वरच्या मधकोठीत जाऊ न देणारी जाळी वापरावी की नाही, या प्रश्नांवर दोन ज्येष्ठ सभासदांचे गेल्या पंधरा वर्षांत पटलेले नाही, असे मला सांगण्यात आले, आणि पुढे मी ते स्वतः अनुभवले. तरी पेटी सोडून निघालेला माश्यांचा थवा पकडायचा निरोप आला की शिडी एकाची आणि खोके दुसऱ्याचे घेऊन ते दोघेच बरोबर निघत.

संघाच्या कपाटात दोन वह्या होत्या. एक थव्यांची: कोठे दिसला, कोणी पकडला, राणीवर ठिपका आहे का आणि कोणत्या रंगाचा. राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका देण्याची पद्धत जगभर सारखी आहे. वर्षाचा शेवटचा अंक 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2 किंवा 7 ला पिवळा, 3 किंवा 8 ला लाल, 4 किंवा 9 ला हिरवा, आणि 5 किंवा 0 ला निळा. म्हणजे ठिपका बघून राणीचे जन्मवर्ष कळते. दुसरी वही उसनवारीची होती. कोणाला चौकट, मधकोठी, राणीचा पिंजरा, मधयंत्र असे काही द्यायचे झाले की त्यात नोंद होई, आणि चौकट असेल तर ती कोणत्या क्रमांकाच्या पेटीतून निघाली हेही लिहावे लागे.

हा पेटीचा क्रमांक लिहिण्याचा काटेकोरपणा मला कारकुनी वाटला होता. मग एका प्रात्यक्षिकात अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या जिवाणूजन्य रोगाची काडीची चाचणी दाखवली. खचलेल्या, भोके पडलेल्या झाकणाखालच्या मेलेल्या अळीत आगकाडी घालून फिरवायची आणि हळू वर उचलायची. तपकिरी, चिकट तार निघाली तर संशय पक्का. या जिवाणूचे बीजाणू पोळ्यात आणि लाकडात अनेक दशके तग धरतात. रोगट वसाहतीतली एक चौकट दुसऱ्या पेटीत गेली की रोगही जातो, आणि म्हणून बहुतेक ठिकाणी अशा चौकटी जाळून टाकून पेटीचे लाकूड आतून ज्योतीने शेकून घेतात. मदत म्हणून दिलेल्या चौकटीबरोबर काय जाऊ शकते, हे ज्यांनी पाहिले होते त्यांनी ती वही सुरू केली होती.

दहा तपासण्या पुऱ्या झाल्यावर चिटणीस आणि ताई माझी जागा बघायला आले. पेटीच्या दारासमोर पाच-सात पावलांवर उंच कुंपण असेल तर माश्या उडतानाच वर चढतात आणि पलीकडच्या माणसांच्या डोक्यांवरून जातात. म्हणून पेटी मी योजलेल्या मोकळ्या जागेऐवजी कुंपणाकडे तोंड करून ठेवायचे ठरले. पाण्याचे पसरट भांडे, त्यात माश्यांना बसायला खडे, हे वसाहत येण्यापूर्वीच मांडून ठेवायला सांगितले, कारण माश्यांना एकदा शेजारच्या नळाची सवय लागली की ती मोडत नाही. शेजाऱ्यांशी ताई स्वतः बोलल्या. मग एका संध्याकाळी, सगळ्या माश्या आत परतल्यावर, संघाच्या मोठ्या वसाहतीतून काढलेली पाच चौकटींची लहान वसाहत दाराला जाळी लावून माझ्याकडे आली. आदल्या वर्षीची राणी, पाठीवर निळा ठिपका.

पुढचे सहा आठवडे उत्तम गेले, आणि चूक तेथेच झाली. वसाहत झपाट्याने वाढत होती, दहाही चौकटी भरल्या होत्या, वर मधकोठी चढली होती. फुलोऱ्याच्या भरात दर सात दिवसांनी पेटी बघायची, हा नियम मला तोंडपाठ होता. नवी राणी वाढवण्यासाठी माश्या बांधतात त्या राणीघरातल्या अंड्यापासून झाकण लागेपर्यंत आठ-नऊ दिवस जातात, आणि झाकण लागण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघून जाते. सात दिवसांची तपासणी या हिशेबावर बेतलेली आहे. एका रविवारी मी घाईघाईने पेटी उघडली, चौकटींच्या खालच्या कडेला पेल्याच्या आकाराची दोन-तीन राणीघरे दिसली, ती रिकामी आहेत असे ठरवले आणि पेटी मिटली. उजेड कमी होता, जवळचा चष्मा घरात होता. नंतरच्या रविवारी बाहेर जावे लागले.

चौदाव्या दिवशी पेटी उघडली तर शेंगदाण्याच्या टरफलासारखी, झाकण लागलेली नऊ राणीघरे लोंबत होती. आता वसाहत फुटणार, या भीतीने मी ती एकेक करून सगळी कापून टाकली. माश्या अजून पुष्कळ दिसत होत्या, त्यामुळे वेळेवर सावरले, असेच मला वाटले. त्याच संध्याकाळी बैठक होती आणि माझी पाळी आल्यावर मी हे सगळे काहीशा अभिमानाने सांगितले.

ताईंनी एकच प्रश्न विचारला, ‘अंडी दिसली का?’

या वेळी मी खरे बोललो. मी बघितलीच नव्हती.

चिटणीस उठले आणि थव्यांची वही घेऊन आले. सहा दिवसांपूर्वीची नोंद होती: माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, झाडाच्या खालच्या फांदीवर, मोठा थवा, राणीवर निळा ठिपका. शिडी आणि खोकेवाल्या त्या दोघांनीच तो उतरवून संघाच्या मधुवनात ठेवला होता. माझी राणी सहा दिवसांपूर्वीच गेली होती. मागे उरलेल्या माश्यांनी नऊ नव्या राण्या वाढवायला घेतल्या होत्या, आणि पहिली बाहेर पडायला एखादा दिवस असताना मी सगळ्या मारल्या होत्या. पेटीत आता राणी नव्हती, आणि राणी करता येईल अशी कोवळी अळीही नव्हती, कारण जुनी राणी जाऊन सहा दिवस झाले होते आणि राणी घडवायची तर अळी तीन दिवसांच्या आतली लागते. सुरुवातीला सगळ्याच अळ्यांना रॉयल जेली, म्हणजे कामकरी माश्यांच्या ग्रंथींतून स्रवणारे अन्न, मिळते. जिची राणी व्हायची तिला ती शेवटपर्यंत भरपूर मिळत राहते, बाकीच्यांचा आहार बदलतो. आहार बदललेल्या अळीपासून मग राणी होत नाही.

कोणी हसले नाही. एका ज्येष्ठांनी ‘मी हे दोनदा केले आहे’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी लगेच ‘तीनदा’ अशी दुरुस्ती केली, आणि पुढच्या सभासदाचे वर्तमान सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई संघाच्या चौदा नंबरच्या पेटीतली एक चौकट घेऊन आल्या. तिच्यावरच्या माश्या त्यांनी मऊ ब्रशने झाडून घेतल्या होत्या, म्हणजे चुकून त्यांची राणी माझ्याकडे यायला नको. त्या चौकटीवर अंडी आणि अगदी कोवळ्या अळ्या होत्या. माझ्या पेटीतली मधली चौकट काढून ती तेथे बसवली. हिशेब असा होता की, माझा अंदाज चुकला असेल आणि आत राणी असेल, तर माश्या या अळ्यांना साधारण कामकरी माश्यांसारख्या वाढवतील. राणी नसेल तर यातल्या काही अळ्यांभोवती राणीघरे बांधायला घेतील. उत्तर पेटीच देणार होती. चौकट ठेवून झाल्यावर ताईंनी खडूने झाकणाच्या आतल्या बाजूला तीन तारखा लिहिल्या आणि त्यांच्या अध्येमध्ये पेटी उघडायची नाही, असे बजावले.

पहिली तारीख तीन दिवसांनंतरची होती. चौकटीवर चार राणीघरे सुरू झाली होती. राणी नसल्याचे नक्की झाले. दुसरी तारीख आणखी पाच दिवसांनी, घरांना झाकणे लागली का ते बघण्यासाठी. लागली होती. यावेळी एकाही घराला हात लावायची हिंमत मला झाली नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन चांगली ठेवून दोन काढली, तीही त्या शेजारी उभ्या असताना. तिसरी तारीख मात्र तीन आठवड्यांपुढची होती आणि हे दिवस मला फार जड गेले. अंड्यापासून राणी बाहेर पडायला 16 दिवस लागतात. कामकरी माशीला 21 आणि नराला 24. बाहेर आल्यावर आठवडाभरात ती उबदार, वारा नसलेल्या दुपारी उडते, उंच हवेत डझनभर किंवा त्याहून अधिक नरांशी तिचे मीलन होते, आणि परतल्यावर दोन-तीन दिवसांनी ती अंडी घालू लागते. ती बाहेर असताना आपण पेटी उघडून हलवाहलव केली तर परत येताना ती बिचकू शकते. उडताना पक्ष्याने टिपले, पावसात सापडली, तरीही संपले. मी रोज दाराशी बसून फक्त बघत असे. पायांना परागाचे गोळे लावून माश्या आत जाऊ लागल्या, तेव्हा ते शुभचिन्ह मानावे का, असे मी ताईंना फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, ‘पराग जातो आहे, हे दिसले. बाकीचे तारखेला बघू.’

तिसऱ्या तारखेला त्या मुद्दाम मागे उभ्या राहिल्या आणि चौकट मी उचलली. सूर्य पाठीशी, खांद्यावरून ऊन, जवळचा चष्मा नाकावर. तिसऱ्या चौकटीवर अंडी दिसली आणि मी तसे सांगितले. मग माझ्या पोटात गोळा आला, कारण काही घरांत एकाऐवजी दोन-दोन होती. राणीविना फार दिवस राहिलेल्या वसाहतीत कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, एका घरात अनेक घालतात, आणि त्यांतून फक्त नर निपजतात; अशी वसाहत सावरणे अवघड असते, हे मी बैठकीत ऐकले होते. मी म्हणालो, ‘ताई, दोन-दोन आहेत.’ त्यांनी चौकट हातात घेतली नाही. ‘कोठे आहेत? तळाशी की भिंतीवर?’ मी पुन्हा चौकट कलती केली. तळाशीच होती, दोन्ही. कामकरी माशीचे पोट आखूड असल्यामुळे तिचे अंडे बहुधा घराच्या भिंतीवर लागते. नवी राणी मात्र पहिले काही दिवस हात बसेपर्यंत एखाद्या घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशी. पुढच्या आठवड्यात प्रत्येक घरात एकच दिसले. त्यानंतर पंधरा दिवसांनी राणीही दिसली आणि ताईंनी तिच्या पाठीवर पांढरा ठिपका दिला, कारण वर्षाचा शेवटचा अंक 1 होता.

त्या वर्षी मध जवळजवळ नाहीच निघाला. निम्म्याहून अधिक माश्या थव्याबरोबर गेलेल्या आणि महिनाभर नवा पिलावा नाही, म्हटल्यावर तो निघणार कोठून? तरी संघाच्या सामायिक मधयंत्रावर मध काढण्याच्या दिवशी मी दिवसभर होतो. माझ्या वाट्याला झाकणे कापायची सुरी आली. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर प्रत्येकाच्या मधाचा थेंब ठेवून पाण्याचे प्रमाण बघितले जात होते. 18 टक्क्यांच्या आत असेल तर समाधान, 20 च्या वर गेले तर तो मध आंबण्याची भीती. एका सभासदाने निम्मी घरे उघडी असलेल्या चौकटी आणल्या होत्या आणि त्याचा आकडा 21 आला. त्याने वाद घातला, यंत्राला दोष दिला, आणि शेवटी चौकटी परत नेल्या. रिकाम्या, मधाने ओल्या चौकटी सूर्य मावळल्यावरच पेट्यांवर चढवायच्या, नाहीतर दिवसाउजेडी वास घेत एका पेटीच्या माश्या दुसरीवर लुटीला जातात, हे त्या दिवशीच कळले.

उसनवारीच्या वहीत माझ्या नावावर एक चौकट होती. पुढच्या हंगामात वसाहत पुन्हा दहा चौकटींवर आली, तेव्हा अंडी आणि पिलावा असलेली एक छानशी चौकट परत करायची म्हणून मी ताईंना कळवले. त्या आल्या, पेटी बघितली, आणि चौकट घेण्याआधी वरोआची मोजणी करायला सांगितली. वरोआ हा लालसर तपकिरी, खसखशीच्या दाण्याहून थोडा मोठा, चपटा कोळीटक, म्हणजे गोचिडीसारखा परजीवी, माशीच्या अंगाला चिकटून राहतो आणि झाकणाखालच्या पिलाव्यात वाढतो. अर्धा कप, म्हणजे साधारण 300 माश्या, जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्यायच्या, त्यात पिठीसाखर टाकून घोळवायच्या, आणि मग बरणी उपडी करून पांढऱ्या ताटात झटकायची. साखरेने कोळीटकांची पकड सुटते आणि ते जाळीतून खाली पडतात. माश्या पांढऱ्या होऊन चिडतात, पण जिवंत राहतात. ताटात पाणी शिंपडल्यावर साखर विरघळली आणि अकरा तांबूस ठिपके उरले.

शंभर माश्यांमागे जवळपास चार. ताईंनी चौकट नाकारली. झाकणाखालच्या पिलाव्याबरोबर कोळीटक दुसऱ्या पेटीत पोचवायचे नव्हते, आणि माझ्या पेटीलाही उपचाराची गरज होती. मधकोठी उतरवून फॉर्मिक आम्लाचा उपचार केला, कारण त्याची वाफ झाकणाच्या आतपर्यंत पोहोचते. उन्हाचा ताप चढण्याआधीचे दिवस बघून तो करावा लागला. तीन आठवड्यांनी पुन्हा बरणी हलवली. तीनशे माश्यांत दोन.

तेव्हा कोठे चौकट गेली. मधुवनात त्याच आठवड्यात एका नव्या सभासदाची वसाहत राणीविना सापडली होती, त्यामुळे ती संघाच्या पेटीत न जाता थेट त्याच्याकडे गेली. चिटणिसांनी वहीतल्या माझ्या ओळीवर रेघ मारली, तिच्या खाली नवी ओळ लिहिली, आणि पेटीच्या क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचे म्हणून वर बघितले. माझ्या पेटीला क्रमांक नव्हता. एकच पेटी म्हणून मी तो कधी दिलाच नव्हता. त्यांनी तोवर पेन उघडे धरून ठेवले, आणि मी ‘एक’ असे सांगितल्यावर तो आकडा लिहिला.